ईस्टरला ड्युटी लावून घेतलेल्या लेकीस

या आठवड्याचं पत्र जर्मनीहून आलं आहे. थोडं आटोपतं करून देते.

«ताई, नमस्कार. मी मूळची बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, लोंढ्याच्या बाजूची. चार वर्षं झाली, बव्हेरियातल्या एका लहान गावात वृद्धांच्या निवासात नर्स आहे. नवरा इथेच कारखान्यात आहे, मुलगी पाच वर्षांची. लहानपणी ईस्टर म्हणजे आजीची काजूची अंडी, शनिवारी रात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आणि सकाळी आळीभर फिरणारी ताटं. माझ्या लेकीला ईस्टर म्हणजे ससा आणि चॉकलेट. तिला आपला ईस्टर कसा द्यायचा तेच कळत नाही. इथली मिस्सा अर्धीच समजते. बाबा गेल्या मे महिन्यात गेले. आई गावी एकटी आहे. म्हणते, यंदा काही करणार नाही, कोणासाठी करू? मला सुट्टी मिळाली असती, पण ईस्टरच्या रविवारची ड्युटी मी आपणहून लावून घेतली. बाबा आमच्या चर्चमध्ये तीस वर्षं गुरुवारनंतर घंटेऐवजी लाकडी खटखटं वाजवायचे. इथेही त्या दिवसांत मुलं तसलंच काही वाजवत गावभर फिरतात. आवाज आला की मी खिडकी लावून घेते. चार दिवसांसाठी तिकीट काढून घरी यावं का? की हा सण आपल्यापुरता संपला म्हणायचं?»

प्रिय लेकी,

तुझ्या पत्रात तिकीट आहे, ससा आहे, काजूची अंडी आहेत. मी मात्र अडकले ती त्या खिडकीपाशी. एका ओळीत ते लिहून तू घाईघाईनं तिकिटाकडे वळलीस. पण बाई, पत्र तिथेच आहे. म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

ज्या वाचकांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पवित्र गुरुवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारच्या मिस्सेत ग्लोरिया हे स्तुतिगीत गाताना चर्चमधल्या सगळ्या घंटा वाजतात आणि त्यानंतर गप्प होतात. थेट शनिवारी रात्रीच्या ग्लोरियाला त्यांना पुन्हा आवाज फुटतो. मधल्या दिवसांत लोकांना बोलवायचं तर घंटा नाही, लाकूड. मूठ असलेली जाड फळी आणि तिच्यावर आपटणारी लाकडी हातोडी. हात हलवला की खट्-खट्-खट्. त्या आवाजात गोडवा अजिबात नसतो. माझ्या माहेरच्या चर्चमध्ये तो आवाज आला की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा बिचकायच्या, आणि आम्ही पोरं हातातला खेळ टाकून उभी राहायचो. शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला, ऊन रणरणत असताना, त्या खटखटीशिवाय गावात दुसरा आवाज नसायचा.

ते काम तीस वर्षं तुझ्या बाबांच्या हातात होतं. आणि आता तू जिथे राहतेस तिथेही हेच चालतं. तिथल्या कॅथलिक गावांत मुलांना सांगतात की घंटा रोमला गेल्या आहेत, शनिवारी परत येतील. मग घंटांचं काम मुलं अंगावर घेतात. राट्शे म्हणतात त्या लाकडी यंत्राला. ते फिरवत पोरं गल्लीगल्लीतून जातात आणि प्रार्थनेची वेळ झाली म्हणून सांगतात.

लेकी, ती पोरं तुझ्या बाबांचं काम करताहेत. ज्या आवाजाला तू खिडकी लावतेस तो परका नाही, म्हणूनच तर सोसवत नाही. परका असता तर तू भांडी घासत राहिली असतीस.

यंदा ईस्टर ५ एप्रिलला आहे, म्हणजे गुड फ्रायडे ३ तारखेला. त्या दिवशी खिडकी उघड. रडू आलं तर लेकीसमोर येऊ दे. तिनं विचारलं की सांग, आजोबा हेच वाजवायचे. मग तिला चपला घालून खाली घेऊन जा आणि त्या मुलांमधल्या एखाद्याला विचार, हिला एकदा फिरवू देशील का? लहान गावात नाही म्हणणार नाहीत. तू विचारत होतीस ना, तिला आपला ईस्टर कसा द्यायचा? तिच्या हातात ते लाकूड एकदा फिरलं की पहिली गोष्ट दिली गेली.

आता ड्युटीचं. तू ती का लावून घेतलीस हे तुलाही कळतं आणि मलाही. घरी बसायचं नव्हतं. त्यात अपराध वाटून घेऊ नकोस. बाबांशिवायचा पहिला ईस्टर आहे, माणूस कुठेतरी हात गुंतवणारच. ड्युटी बदलू नकोस, पण ती लपायची जागा करू नकोस. तू काम करतेस तिथे ऐंशी-पंचाऐंशीची माणसं आहेत. त्यांच्यात असे आजोबा नक्की असतील ज्यांनी दहा वर्षांचे असताना राट्शे फिरवलं असेल. त्यांना विचार. तुमच्या गावी घंटा कधी मुक्या व्हायच्या? तुमच्या घरी अंडी कशानं रंगवायचे? त्यांचाही लहानपणीचा ईस्टर कधीच मागे पडला आहे, आणि त्यांना तो विचारणारं कोणी उरलेलं नाही. त्यांना गोळी देता देता तू तुझ्या बाबांची गोष्ट सांगितलीस तर तीही ऐकतील. मोडक्या जर्मनमध्ये सांग, चालतं.

शनिवार संध्याकाळ मात्र राखून ठेव. काही चर्चमध्ये जागरणाचा विधी शनिवारी रात्री असतो, काही ठिकाणी रविवारी भल्या पहाटे. आधी चौकशी करून ठेव, कारण सकाळची पाळी असेल तर पहाटेचं जमणार नाही. शनिवारी जमलं तर लेकीला घेऊन जा आणि बाहेर जिथे आगटी पेटवतात तिथे पुढे उभी राहा, मागच्या बाकावर नको. त्या आगटीवर पास्काची, म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती पेटवतात. तिच्यावर त्या वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. लेकीला आकडे येत असतील तर वाचायला लाव. मग अंधारात एकाची मेणबत्ती दुसऱ्याच्या मेणबत्तीला लागत लागत चर्च उजळतं. त्याला कुठलीच भाषा लागत नाही.

भाषेवरून आठवलं, मिस्सा अर्धीच समजते म्हणून तू खंतावली आहेस. अगं, आपण सीमेवरची माणसं. देवळात दुसऱ्याची भाषा आपल्याला कधी नवी होती? माझी सासू लॅटिनमध्ये उत्तरं द्यायची. फादर काही म्हणाले की ती डोळे मिटून ‘एत कुम स्पिरितू तुओ’ म्हणायची. अर्थ तिनं कधी विचारला नाही. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि मग मिस्सा लोकांच्या भाषांत आली. पण आपल्याकडे लोकांची भाषा तरी कोणती? घरात कोकणी, बाजारात मराठी, शाळेत नाहीतर कचेरीत कन्नड आणि बेळगावच्या कॅम्पातल्या चर्चमध्ये इंग्रजी. मी स्वतः आजीशेजारी बसून कोकणीतून रोझरी म्हटली आहे आणि संध्याकाळी मराठीतून गायले आहे. नणंदेच्या गावी सगळं कन्नडमध्ये. बाहेर भाषेवरून माणसं हमरीतुमरीवर येत, पण आलेलुया सगळ्यांचा एकच होता. तुझी लेक जर्मनमध्ये आलेलुया म्हणाली तर ती आपल्यातून गेली असं नाही. ती बेळगावच्या माणसासारखीच वाढते आहे.

सशावर रागावू नकोस. आपल्याकडे काही मंडळी तावातावानं म्हणतात की ससा ही बाजाराची करणी. तसं नाही. १६८२ सालच्या एका जर्मन वैद्याच्या लेखात अंडी आणणाऱ्या सशाची नोंद आहे. पुढे जर्मन कुटुंबं समुद्र ओलांडून अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला गेली. त्यांना घर नेता आलं नाही, गाव नेता आलं नाही, चर्चची घंटाही नाही. मुलांसाठी तो ससा मात्र त्यांनी नेला. तीही घर सोडून गेलेली माणसंच होती. आणि अंड्यांचं कारण तर अगदी घरगुती आहे. पूर्वी युरोपात ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात अंडीही वर्ज्य असत. पण कोंबड्यांना उपवासाचं काय? त्या घालतच राहायच्या. चाळीस दिवसांची साठलेली अंडी उकडून, रंगवून ईस्टरला वाटायची. हे तुझ्या आजीला सांगितलं असतं तर तिनं लगेच मान डोलावली असती.

रंगवण्याचं एक सांगते, पाच वर्षांच्या मुलीला जमेल असं. आठ-दहा कांद्यांची वरची सुकी सालं जमव. पाण्यात अर्धा तास उकळ आणि पाणी गाळून गार होऊ दे. कच्च्या अंड्यावर कोथिंबिरीचं एक पान ओलं करून चिकटव आणि जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा वरून घट्ट ताणून मागे दोऱ्यानं बांध. मग त्या पाण्यात दहा मिनिटं अंडं उकड. मोजा सोडला की विटेसारख्या लालसर अंड्यावर पानाचा फिका ठसा उमटलेला दिसतो, शिरांसकट. वर तेलाचं बोट फिरव. कांद्याच्या सालीची ही पद्धत जर्मनीतही आहे. तिथल्या आज्या कोथिंबिरीच्या जागी पार्सली लावतात. तू कोथिंबीर लाव.

आता तुझी आई. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण मी फोनच्या अलीकडच्या बाजूला बसणारी बाई आहे. माझा मुलगा नऊ वर्षं बाहेर आहे. त्याच्या पहिल्या ईस्टरला मी काय केलं सांगते. सकाळी सगळं मांडलं, सोरपोतेल म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, सान्नां म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या इडल्या, केक, अंडी. फोन हातात धरून एकेक भांडं त्याला दाखवलं. झाकण काढून वाफसुद्धा दाखवली. मला वाटलं त्याला बरं वाटेल. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘आई, ताट नको दाखवू गं.’ फोन ठेवल्यावर माझ्याही घशाखाली घास उतरेना. माझ्या हातून फार मोठी चूक झाली होती, आणि ती मी प्रेमानं केली होती.

पुढच्या वर्षी त्याचाच फोन आला, मंगळवारी, भलत्याच वेळी. ‘आई, सोरपोतेलात व्हिनेगर किती?’ मी म्हटलं, अंदाजानं. तो म्हणाला, अंदाज म्हणजे किती चमचे? मी उठले, वाटी काढली, पाणी ओतून चमच्यानं मोजलं. मग मसाला मोजला. अर्धा तास आम्ही भांडत, मोजत होतो. त्या दिवशी ईस्टर आला माझ्याकडे. दाखवण्यात सण नाही गं, करण्यात आहे. बघणारा बघून रडतो. ज्याच्या हाताला पीठ लागलं आहे त्याला रडायलाही थोडा वेळ काढावा लागतो.

तुझी आई म्हणते, कोणासाठी करू? तिला ‘काहीतरी कर गं, आजूबाजूला दे’ असं सांगू नकोस. लेकीनं दिलेला असला उपदेश आईला टोचतो. तिच्याकडे काम घेऊन जा. म्हण, मला अंडी येत नाहीत, शिकव. खरंच येत नाहीत ना तुला? आजीच्या वेळी तुम्ही पोरं फक्त काजू फोडायला होतात.

ते काजू फोडणं तू विसरली नसशील. उपवासकाळ आणि काजूचा हंगाम एकत्रच यायचा. भोकं पाडलेल्या पत्र्यावर बिया भाजल्या की टरफलातलं तेल पेट घ्यायचं, भक्‌कन ज्वाळा यायची आणि आजी आपल्याला काठीनं मागे हटवायची. ते तेल कातडीला लागलं की भाजतं. मग राखेत घोळवलेल्या बिया दगडावर ठेवून फोडायच्या. बोटं आठवडाभर काळी. गर अख्खा निघाला की तो डब्यात, तुटका निघाला तरी डब्यातच, कारण उपवास. ईस्टरच्या सकाळी त्याच गराचं अंडं हातात यायचं तेव्हा त्याची चव कशी लागायची! चाळीस दिवस आपणच फोडलेलं, आपणच न खाल्लेलं.

आईची कृती आईचीच घे. मी फक्त आधार देते. दोन वाट्या काजूची पूड, एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. एकतारी पाक करून पूड घालायची, मंद आचेवर गोळा सुटेपर्यंत हलवायचं आणि कोमट असतानाच मळायचं. जुन्या पद्धतीत अंड्यातला पांढरा भाग घालतात. लहान मूल खाणार असेल तर पाकाचंच बरं. साचा नसेल तर दोन सारखे खोलगट चमचे घे, तूप लावून दोन अर्धी अंडी पाड आणि पाण्याच्या बोटानं जोड. काजू बिनमिठाचे, न भाजलेले आण आणि गुरुवारपर्यंत आणून ठेव. शुक्रवारी दुकानं बंद, रविवार-सोमवारही बंद, आणि मधल्या शनिवारी झुंबड. हे मी तुला काय सांगायचं, चार वर्षं झाली तुला. त्या देशात लुबेक शहराचं मार्झिपान, म्हणजे बदाम-साखरेची मिठाई, प्रसिद्ध आहे आणि दुकानात तयार गोळाही मिळतो. वेळ नसेल तर तो घ्यायलाही हरकत नाही. पण आईला फोन करण्यासाठी काजूच घे. बदामाच्या तयार गोळ्यावर ती काय बोलणार?

आणि फोन अशा वेळी लाव की तीही ओट्याजवळ असेल. सध्या तुझ्याकडे साडेचार वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ झालेले असतात. २९ मार्चला तुमची घड्याळं एक तास पुढे गेली की साडेतीन तासांचंच अंतर राहील. शनिवारी तुझ्या सकाळी अकराला तिचे दुपारचे अडीच. फोन उभा करून ठेव, लेकीला स्टुलावर उभी कर आणि आईला म्हण, ‘तूही चार अंडी कर, म्हणजे मला बघून करता येतील.’ ती चार करणार नाही. आपल्या बायकांना चार येत नाहीत, चाळीस होतील. मग त्यांचं काय करायचं ते तिचं तिला सुचेल. शेजारणीनं पाडव्याला पुरणपोळी पाठवली असणारच, आणि ते ताट अजून तिच्याकडेच असेल. रिकामं ताट परत करायची रीत आपल्याकडे नाही.

राहिलं तिकीट. ईस्टरला येऊ नकोस. चार दिवसांत दोन दिवस प्रवासात जातील. आई तुझ्यासाठी उसनं अवसान आणून रांधेल, आणि सोमवारी तू निघालीस की घर आणखी रिकामं होईल. मे महिन्यात बाबांच्या वर्षाच्या मिस्सेला ये. तेव्हा तुझं असणं खरं गरजेचं आहे. मूल अजून शाळेत नाही, तर दोन-तीन आठवडे काढता येतील ते आत्ताच काढ. पुढच्या वर्षी शाळा लागली की तिथे मधेच सुट्टी मिळणं कठीण. तेच पैसे, तेच तिकीट, पण आईच्या अवघड दिवसाला उपयोगी. शक्य असेल तर सुट्टीचा अर्ज ईस्टरच्या आधी देऊन टाक आणि तारीख आईला कळव. तिला कॅलेंडरवर एक तारीख हवी आहे.

‘सण आपल्यापुरता संपला म्हणायचं का’ या प्रश्नाला मी वेगळं उत्तर देत नाही. वर जे सांगितलं त्यातलं एखादंच केलंस तरी पुष्कळ. सगळं करायला गेलीस तर दमशील आणि पुन्हा खिडकी लावशील. एकच करायचं असेल तर शुक्रवारचं कर.

आणि आईला फोनवर विचार, बाबांचं ते खटखटं चर्चमध्येच आहे की घरी. आमच्या गावात वाळवीच्या भीतीनं ते वाजवणाऱ्याच्याच घरी जुन्या धोतरात गुंडाळून ठेवत. तुमच्याकडेही तसंच असेल तर ते माळ्यावर सापडेल. यंदा ते कोण वाजवणार हेही फादरनी कदाचित आईला विचारलं असेल आणि तिनं तुला सांगितलं नसेल. तिच्या तोंडून ते ऐक. घरी असलं तर आत्ता काढायला सांगू नकोस. मे महिन्यात लेकीला घेऊन तू वर चढ. आईला शिडी चढू देऊ नकोस.